तिरफळांशिवाय

इक्वाडोरमधल्या ग्वायाकिलच्या विमानतळावर गालापागोस बेटांना जाणाऱ्यांच्या सामानाची वेगळी तपासणी होते. बॅग यंत्रातून जाते, शंका आली की उघडतात, आणि मग तिला सील लावतात. माझी बॅग उघडली गेली. तपासणीला उभ्या असलेल्या बाईंनी कपडे बाजूला सारून थेट मसाल्याचा डबा काढला. हळद, मिरचीपूड आणि मालवणी मसाला त्यांनी पाहून परत ठेवला. तिरफळांच्या पुडीपाशी मात्र हात थांबला. एक तिरफळ त्यांनी नखाने उकललं, तर टरफलाला चिकटलेली काळी, चकचकीत बी बाहेर आली.

"सेमियास," त्या म्हणाल्या. मुलगा शाळेत स्पॅनिश शिकतो. त्याने सांगितलं, "आई, बिया आहेत म्हणतात. नेता येणार नाही."

ती तिरफळं बाबांनी मालवणहून पाठवलेली. काटे सांभाळत काढलेली, वाळवलेली, हाताने बिया वेचून टाकलेली. कितीही वेचल्या तरी एखाददुसरी राहतेच. मी मुलाकडून सांगून पाहिलं, की हे वाळलेलं आहे, माशाच्या आमटीत पडणार आहे, रुजणार नाही. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुडी कचऱ्याच्या पेटीत टाकली. मला वाईट वाटलं. ह्यूस्टनला राहायला आल्यापासून बारा वर्षं मी प्रत्येक प्रवासात ही पुडी बरोबर ठेवत आले आहे. समुद्र दिसला की मासे घेते आणि मासे घेतले की तिरफळं लागतात.

इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून हजारएक किलोमीटर पश्चिमेला ही बेटं आहेत. मोठी तेरा, बाकी लहान लहान बेटं आणि खडक. सगळी ज्वालामुखीतून आलेली. पृथ्वीच्या पोटातला तप्त ठिपका जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावरून समुद्राचा तळ दरवर्षी काही सेंटिमीटर पूर्वेकडे सरकतो. त्यामुळे पश्चिमेची फर्नांदिना आणि इसाबेला ही धाकटी बेटं अजून धुमसतात. पूर्वेची एस्पान्योला आणि सान क्रिस्तोबाल तीस-चाळीस लाख वर्षांची, झिजून बुटकी झालेली. त्यांच्याही पूर्वेला आणखी जुनी बेटं आहेत, पण ती पाण्याखाली बुडाली आहेत. आमच्याकडचा दगड म्हणजे जांभा, तांबडा, पायाला ओळखीचा. इथला दगड काळा आणि काचेसारखा धारदार. १५३५ मध्ये पनामाचा बिशप तोमास दे बेर्लांगा पेरूला निघाला होता. वारा पडला आणि प्रवाहाने त्याचं जहाज इथे आणून सोडलं. पाणी मिळेना म्हणून त्याच्या माणसांनी निवडुंग चावून रस चोखला. देवाने इथे कधीतरी दगडांचा पाऊस पाडला असावा, अशा अर्थाचं त्याने स्पेनच्या राजाला लिहून कळवलं. त्या लाव्हावर पाच मिनिटं चाललं की त्याचं म्हणणं पटतं.

सांता क्रूझ बेटाच्या वरच्या अंगाला, जिथे धुकं आणि ओल असते तिथे, स्कालेसियाची झाडं आहेत. सूर्यफुलाच्या कुळातली, पण माणसाच्या डोक्यावरून जाणारी, शेवाळाने लपेटलेली. ही जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांच्या पायाशी जिकडेतिकडे काटेरी झुडपांची जाळी माजली होती. पानाची खालची बाजू पांढरट, फळ गडद जांभळं. गाईड म्हणाला, ही 'मोरा', आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी. कुणीतरी शेतात फळांसाठी आणली, पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि आता तिच्या सावलीत स्कालेसियाचं रोप उगवत नाही. मी तिचं शास्त्रीय नाव विचारलं. रुबस निवियस. रात्री शोधलं, तर ती मूळची आपल्याच बाजूची निघाली. हिमालयापासून दक्षिणेतल्या डोंगरांपर्यंत रानात वाढते, म्हैसूर रास्पबेरी असंही तिला म्हणतात.

मला ग्वायाकिलच्या त्या बाई आठवल्या. त्यांनी नखाने उकललेलं तिरफळही आठवलं.

इसाबेला बेटावर पुएर्तो व्हियामिल नावाचं छोटंसं बंदर आहे. तिथून होडीने दहा मिनिटांवर लाव्हाच्या खडकांचं एक बेट लागतं, लास तिंतोरेरास. वाट दगडांनी आखलेली आहे, तिच्याबाहेर पाय टाकायचा नाही. कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर दूर राहायचं. पण हा नियम प्राण्यांना ठाऊक नाही. समुद्री इग्वाना वाटेवरच पसरलेले असतात, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, आणि मधूनच नाकातून मिठाचं पाणी फुर्रकन उडवतात. आपल्याला थांबावं लागतं, मागे सरावं लागतं. हे सरडे पाण्यात बुडी मारून शेवाळ खातात. एल निन्योच्या वर्षी समुद्र तापतो, ते शेवाळ मरतं आणि इग्वाना उपाशी पडतात. तेव्हा त्यांची नुसती चरबी झडत नाही, हाडांसकट लांबी कमी होते. वीस टक्क्यांपर्यंत आखडलेले इग्वाना शास्त्रज्ञांनी मोजले आहेत. चांगले दिवस आले की ते पुन्हा वाढतात.

वाटेच्या शेवटी लाव्हा चिरलेला आहे. जेमतेम दोन हात रुंद अशी लांबलचक भेग, तिच्यात समुद्राचं पाणी, काचेसारखं स्वच्छ. त्या भेगेत मोऱ्या झोपल्या होत्या.

शार्क म्हणायला हवं, पण माझ्या तोंडात शार्क येत नाही. आमच्या घरी ती मोरी. पंखाच्या टोकाला पांढरा ठिपका, राखाडी अंग, पाचेक फूट लांब. नऊ-दहा असतील, एकीशेजारी एक, तोंड प्रवाहाकडे करून. ह्यांना इथले कोळी तिंतोरेरा म्हणतात, त्यावरूनच बेटाचं नाव पडलं. रात्री शिकार करतात आणि दिवसा अशा सांदीकोपऱ्यात पडून राहतात. मी काठावर उकिडवी बसले होते, हात लांबवला असता तर पाण्याला लागला असता. मोरी मी अशी कधी पाहिलीच नव्हती. मी पाहिलेली मोरी रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, वाळूत पडलेली, टोपलीत दुमडलेली, विळीवर कापलेली. आजी तिचं मटणासारखं सुकं करायची आणि बाळंतिणीला आवर्जून द्यायची. बाबांच्या होडीला मोठी मोरी लागली, की त्या दिवशी शेजारच्या चार घरांत वाटा जायचा. मला त्या खाण्याची लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नाही. पण जिवंत मोरी झोपते, झोपेत तिचे कल्ले हळूहळू हलतात आणि शेजारणीचा धक्का लागला तर ती थोडी सरकून पुन्हा स्थिर होते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. तिकडे पहाट होती, ते उठलेलेच असतात.

"मोऱ्यो? केवढ्यो?"

"पाच फूट असतील, बाबा. झोपलेल्या."

"आनी कोण धरूक नाय?"

"धरायच्याच नाहीत इथे."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मगे थंयचे मच्छीमार काय खातत गो बाय?"

पुढचे पाच दिवस मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधत होते. इथे डार्विन येऊन गेला, १८३५ मध्ये, पाच आठवडे राहिला. त्याचे पुतळे आहेत, त्याच्या नावाचं संशोधन केंद्र आहे, आणि त्याच्या फिंच पक्ष्यांबद्दल सगळ्यांना माहीत असतं. कोळ्यांबद्दल फलकांवर फारसं काही नसतं.

बाबांनी तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. १९८७ मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, २९ चौरस किलोमीटरचा तुकडा. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या आळीत ती बातमी वर्तमानपत्रातून आली. "आमका कोणी इचारल्यान नाय," हे वाक्य मी तेव्हापासून ऐकत आले आहे, आधी रागाने म्हटलेलं, पुढे नुसतंच थकून. रापण ओढणाऱ्याला वाटलं, की आपल्या दारातच रेघ मारली. आणि त्याच काळात बाहेरून येणाऱ्या मोठ्या बोटी, मासळीचा थवाच घेरून उचलणारी पर्ससीनची जाळी, अलीकडे मासे ओढून घ्यायला रात्री लावलेला एलईडीचा झगझगाट यांनी समुद्र पार निपटून काढला. प्रवाळ वाचावेत, मासे वाढावेत, हे बाबांना नको होतं असं नाही. अंडी भरलेली मासळी ते पावसाळ्यात कधी धरत नसत. पण अभयारण्य हा शब्द आमच्या घरात कायम दुसऱ्याचा राहिला.

गालापागोसमध्येही सुरुवात अशीच झाली. १९५९ मध्ये जमिनीचं राष्ट्रीय उद्यान झालं. वस्ती होती ती सोडून बाकीची ९७ टक्के जमीन त्यात गेली. समुद्राचा विचार त्यात नव्हता. १९८६ मध्ये समुद्रही राखीव म्हणून जाहीर झाला, पण तो बहुतेक कागदावर. आणि नव्वदच्या सुमारास आशियातल्या बाजारासाठी समुद्रकाकडीची मागणी आली. स्पॅनिशमध्ये काकडीला पेपिनो म्हणतात, म्हणून ती काढणारे ते पेपिनेरो. तळावर पडून राहणारा हा प्राणी, बुडी मारून हाताने उचलायचा, उकडून वाळवायचा. पैसा असा आला की मुख्य भूमीवरून माणसांच्या झुंडी आल्या. सरकारने बंदी घातली, तिच्याविरुद्ध ओरड झाली, मग १९९४ मध्ये प्रयोग म्हणून हंगाम उघडला. साडेपाच लाखांची मर्यादा ठरलेली असताना दोन महिन्यांत त्याच्या कितीतरी पट काढल्या गेल्या. हंगाम बंद केल्यावर, १९९५च्या जानेवारीत, चिडलेल्या पेपिनेरोंनी संशोधन केंद्राला वेढा घातला आणि तिथल्या कासवांना मारण्याची धमकी दिली.

त्या कासवांत जॉर्ज होता. पिंटा बेटाच्या जातीचा शेवटचा.

कासवांबद्दल थोडं सांगायला हवं. देवमासे मारायला येणारी जहाजं इथून राक्षसी कासवं उचलून नेत. वर्षभर अन्नपाण्यावाचून तळघरात उलटी ठेवली तरी ती जगतात, म्हणजे ताज्या मांसाची सोयच. एक ते दोन लाख कासवं अशी गेली असावीत असा अंदाज आहे. फ्लोरिआनाची जात १८५०च्या आसपास संपली. पिंटावर मात्र शेवटचा घाव कोळ्यांच्या हातून बसला. १९५९ मध्ये काही कोळ्यांनी तिथे तीन शेळ्या सोडल्या, एक बोकड आणि दोन माद्या. पुढच्या फेरीला मटण मिळावं, एवढाच हेतू. माझ्या बाबांनीही तसंच केलं असतं. पंधरा वर्षांत त्या तिनाच्या तीस हजारांवर गेल्या आणि बेट बोडकं झालं. १९७१ मध्ये गोगलगायी शोधायला गेलेल्या एका शास्त्रज्ञाला तिथे एकच कासव दिसलं. त्याला सांता क्रूझवर आणलं, नाव जॉर्ज ठेवलं, जोडीला जवळच्या जातीच्या माद्या दिल्या, पण पिल्लं झाली नाहीत. २४ जून २०१२ रोजी तो गेला. त्याचं पेंढा भरलेलं शरीर आता काचेच्या थंड खोलीत उभं आहे. मी तिथे गेले, मान वर ताणलेला जॉर्ज पाहिला आणि लवकर बाहेर आले. मन रमलं ते बाहेरच्या कुंपणात, जिथे बशीएवढी पिल्लं एकमेकांवर चढत होती. एस्पान्योलाची जातही अशीच संपत आली होती. १२ माद्या आणि २ नर उरले होते. सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर आणला. २०२० मध्ये ते पंधराही आपल्या बेटावर परत गेले, तोवर त्यांच्या वंशाची दोन हजारांच्या आसपास कासवं तिथे हिंडत होती.

शेळ्यांचं काय केलं, ते ऐकवत नाही, पण टाळताही येत नाही. १९९७ ते २००६ या काळात सांतियागो आणि इसाबेलाच्या उत्तर भागातून एक लाख चाळीस हजारांहून जास्त शेळ्या मारल्या, बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून. शेवटी लपून बसलेल्या सापडेनात, तेव्हा काही शेळ्यांच्या गळ्यात रेडिओ बांधून त्यांना सोडलं. शेळी एकटी राहत नाही, ती कळप शोधत जाते. तिच्या मागून माणसं गेली. मुलगा हे ऐकून गप्प झाला होता. मीही त्याला काही समजावलं नाही. तीन जनावरं सोडताना कुणाला माहीत होतं, आणि एकदा सोडल्यावर दुसरा उपाय काय होता, हे मला अजून नीट मांडता येत नाही.

तर १९९८. जमीन, समुद्र आणि माणसं यांचा मिळून इक्वाडोरने एक खास कायदा केला. बेटांभोवती चाळीस सागरी मैल, सुमारे १,३३,००० चौरस किलोमीटर समुद्र राखीव झाला. मालवणच्या आमच्या तुकड्याच्या साडेचार हजार पट. आणि त्यात कोळ्याला हाकललं नाही, हे मला तिथे जाऊन कळलं. मोठ्या बोटींना, बाहेरच्यांना पूर्ण मज्जाव. मासेमारी करायची ती बेटांवर राहणाऱ्या, नोंदणी असलेल्या छोट्या मच्छीमारांनी, त्यांच्या छोट्या बोटींतून. इक्वाडोरच्याच दुसऱ्या गावचा माणूसदेखील उठून इथे राहायला येऊ शकत नाही. आणि निर्णय घ्यायला जे मंडळ बसायचं त्यात कोळी, पर्यटनवाले, गाईड, शास्त्रज्ञ आणि उद्यानाचे लोक असे सगळे असायचे. एकमत होईपर्यंत चर्चा करायची, अशी ती रीत.

ती रीत सुरळीत चालली असं म्हणणार नाही. भांडणं झाली, संप झाले. समुद्रकाकडी मंडळ असतानाही खालावत गेली. २०१५च्या नव्या कायद्याने त्या मंडळाचं वजनही कमी केलं. २०१६ मध्ये उत्तरेकडच्या डार्विन आणि वुल्फ या दोन बेटांभोवती मासेमारी पूर्ण बंद झाली. जगात मोऱ्यांची एवढी दाटी दुसरीकडे कुठे मोजली गेलेली नाही, पण तिथे पूर्वीपासून जाणारे कोळी नाराज झाले. पण रेघ कुठे मारली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इथे ती चाळीस मैल लांब मारली, मोठ्या जहाजासमोर, आणि छोट्या होडीला आत घेतलं. आमच्याकडे ती छोट्या होडीच्या नाकासमोर मारली.

इसाबेलाचा आमचा गाईड एका पेपिनेरोचाच मुलगा. वडिलांची बोट आता पर्यटकांना तिंतोरेरासला नेते. त्याच्या बोलण्यात वडिलांबद्दल ना लाज होती, ना अभिमान. मी त्याला विचारलं, की मोऱ्या राखण्यात त्याच्या घरच्यांना काय मिळालं. त्याने २०१७च्या जहाजाची गोष्ट सांगितली. ऑगस्टमध्ये एक चिनी मालवाहू जहाज राखीव समुद्रात पकडलं गेलं. त्याच्या पोटात तीनशे टन मासळी होती आणि तिच्यात ६,६००हून जास्त मोऱ्या होत्या. बातमी आली तेव्हा बेटांवर लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. त्या मोर्च्यात गाईडचे वडीलही होते. खलाशांना तुरुंगवास झाला, लाखो डॉलरचा दंड झाला. त्यानंतर तीन वर्षांनी तीनेकशे परदेशी बोटी हद्दीच्या कडेने रांग लावून उभ्या राहिल्या, आत न येता. मासळीला हद्द कुठे माहीत असते? हातोड्याच्या डोक्याची मोरी इथून कोस्टा रिकाच्या कोकोस बेटापर्यंत पोहत जाते. म्हणून २०२२च्या जानेवारीत त्या वाटेवरचा आणखी ६०,००० चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. अर्ध्या भागात मासेमारीच नाही आणि उरलेल्या अर्ध्यात लांब दोरीचे हजारो गळ लावायचे नाहीत. त्याला नाव दिलं एर्मांदाद, भावकी. आमच्याकडे भावकी म्हटलं की आधी भांडण आठवतं, पण नाव मला आवडलं.

हे सगळं पैशावर उभं आहे आणि तो पैसा मुख्यतः आमच्यासारख्या पाहुण्यांचा. परदेशी माणसाचा प्रवेशाचा दर १०० डॉलर होता, तो २०२४च्या ऑगस्टमध्ये २०० झाला. आम्ही वाढीव दराने गेलो. पण पाहुणे वाढले की बोटी वाढतात, डिझेल लागतं, सांडपाणी वाढतं आणि सामानाबरोबर नवी बी येते. मी ती बी घेऊन गेलेच होते. समुद्र तापण्याला तर कुठलीच हद्द अडवू शकत नाही. आखडलेल्या इग्वानाला पुन्हा वाढायला मधली चांगली वर्षं मिळायला हवीत, आणि ती मिळतील का, हा विचार मनातून जात नाही.

शेवटच्या संध्याकाळी सांता क्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावच्या मासळी बाजारात गेलो. बाजार म्हणजे रस्त्याच्या कडेला दगडी ओटा, वर छप्पर, मागे धक्का. ओट्यामागे मासे कापणाऱ्या बायका, त्यांच्या कोपराशी पाणकोळी आणि पायाशी एक समुद्रसिंह, मान वर करून, दुकानातलाच असल्यासारखा. कुणी त्याला हाकलत नव्हतं, पण माशाचा तुकडा मात्र त्याच्यापासून दूर ठेवत होतं. दोन मीटरचा नियम इथे कुणालाच पाळता येत नव्हता. एका बाजूला खारवून वाळवलेले बकालाओ टांगले होते. हा इथला खडकांत राहणारा मोठा मासा, ईस्टरच्या आधी फानेस्का नावाच्या सूपात तो लागतोच, म्हणून मुख्य भूमीवर जातो. वास अगदी आमच्या खाऱ्या सुरमईचा. मी डोळे मिटून उभी राहिले आणि क्षणभर मालवणच्या बाजारात गेले.

मोरी ओट्यावर नव्हती. कुपा, म्हणजे ट्यूना, होता, ताजा, लालभडक. बाईंनी पाठीचा भाग कापून दिला, मुलाने भाव केला नाही, मी करायला लावला नाही. भाड्याच्या खोलीतल्या स्वयंपाकघरात कांदा-खोबरं भाजलं, मसाला घातला, आणि आंबटपणाला लिंबू पिळलं.

जेवण झाल्यावर बाबांना फोन लावला.

"खातत, बाबा," मी म्हटलं. "मासेच खातत. आपले आपण धरलेले."

मग त्यांना सगळं सांगितलं. चाळीस मैल, मंडळ, ते जहाज, बकालाओचा वास. बाबा मधून मधून 'हां' म्हणत होते. मंडळात कोळी बसायचे, हे त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. किती जण बसायचे, कोण निवडायचं, बायका होत्या काय, हेही विचारलं. सगळ्याची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

"आनी आमटी कसली केलंस?"

"कुप्याची. तिरफळांशिवाय. ती त्यांनी विमानतळावरच काढून घेतली, बाबा. बी होती आत."

फोनमध्ये समुद्राची गाज ऐकू येत होती, त्यांच्या बाजूची.

"येक ऱ्हवलीच मगे," बाबा म्हणाले. "फुडल्या खेपेक नीट येचतंय."